पडदे रंगवणाऱ्यांचे गाव

संगीत नाटकांच्या काळात नटाच्या आधी पडदाच टाळी घेत असे. नांदी संपायची, शिट्टी वाजायची आणि राजवाड्याचा पडदा उलगडायचा. खांबांची रांग दूरवर निमुळती होत गेलेली, कमानीतून कोवळे ऊन आत आलेले, जमिनीवर संगमरवराची चमक. सपाट कापडावर एवढी खोली कुठून आली, असे वाटून पिटातला प्रेक्षक क्षणभर गाणेसुद्धा विसरायचा. मग जंगलाचा पडदा, रस्त्याचा पडदा, नदीकाठचा पडदा. नाटक मंडळी गावोगाव हिंडत, तेव्हा या गुंडाळ्या त्यांच्या बैलगाड्यांतून आणि रेल्वेच्या डब्यांतून सोबत जात. चांगला पडदा हे कंपनीचे भांडवल होते.

१९१० नंतरच्या पाच-सहा वर्षांत असे पडदे रंगवण्यात कोल्हापूरच्या दोन मेस्त्रींचा हात धरणारे कमी होते. आनंदराव आणि बाबूराव हे आतेमामे भाऊ. बाबूरावांचे वडील कृष्णराव मेस्त्री कुशल कारागीर. लाकूड, धातू, हस्तिदंत हाताळणाऱ्या या घरात मुलांना शाळेआधी हत्यारांची ओळख झाली. दोघेही चित्रकलेच्या शाळेची पायरी चढले नाहीत. पडदे रंगवता रंगवता लोकांनी त्यांचे आडनाव बदलले आणि मेस्त्रींचे ‘पेंटर’ झाले. पुढे याच घरातून भारतातल्या चित्रपटाला एक नवे वळण मिळाले. कोल्हापुरात एका कलेच्या पोटातून दुसरी कशी जन्मली आणि त्या सगळ्यांनी मिळून इथल्या माणसांची जगण्याची रीत कशी हलवली, हे पाहायचे तर सुरुवात या पडद्यापासूनच करावी लागते.

पण पडदा टांगायला रंगमंच लागतो, आणि रंगमंचाला राजाश्रय.

राजर्षी शाहू महाराज १९०२ साली युरोपात गेले. रोममध्ये त्यांनी कलोसियमचे अवशेष पाहिले आणि तसे मैदान आपल्या मल्लांना हवे, हा विचार घेऊन ते परतले. त्यातून १९१२ साली खासबाग मैदान उभे राहिले. मधोमध लाल मातीचा हौदा, भोवती चढत गेलेला उतार, त्यामुळे कुठेही बसले तरी कुस्ती दिसावी. त्याला लागूनच १९१५ साली महाराजांनी पॅलेस थिएटर बांधून घेतले. एका भिंतीच्या अलीकडे शड्डू, पलीकडे षड्ज. तालमीतून अंगाला माती लागलेली पोरे संध्याकाळी पलीकडच्या नाटकाला जाऊन बसत. पुढे कोल्हापूरच्या सिनेमात भीम आणि तानाजी इतके खरे वाटले, त्याचे एक कारण या शेजारात आहे. तालमीत घडलेली शरीरे या गावात पावलोपावली दिसत होती.

गाण्याची बैठक त्याआधीच जमली होती. गायन समाज देवल क्लब १८८३ पासून चालत आला होता. शाहू महाराजांच्या दरबारी गायक म्हणून उस्ताद अल्लादियाखाँ कोल्हापुरात आले आणि राजस्थानातून आलेल्या त्यांच्या घराण्याला इथे घर मिळाले. खाँसाहेबांचा आवाज तरुणपणीच बिघडला होता. त्या आवाजाला झेपेल आणि तरीही बुद्धीला आव्हान देईल अशी पेचदार, अनवट रागांत रमणारी गायकी त्यांनी घडवली. त्यांचे पुत्र भूर्जीखाँ यांनी अंबाबाईच्या देवळात गायनाची सेवा केली. देवीसमोर मुसलमान गवई गातो, याचे कोल्हापूरकराला कधी नवल वाटले नाही. याच परंपरेतल्या केसरबाई केरकरांचा आवाज १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांवरच्या सोनेरी तबकडीत बसून सूर्यमालेबाहेरच्या प्रवासाला निघाला.

चित्रांचेही तसेच. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकलेले आबालाल रहिमान कोल्हापूरला परतले आणि दरबारी चित्रकार झाले. तळ्याकाठची झाडी, पाण्यावरचे धुके, कोटितीर्थाचा काठ, रंकाळ्याची संध्याकाळ हे त्यांचे विषय. राजेरजवाड्यांच्या व्यक्तिचित्रांवर पोट चालायचे त्या काळात त्यांनी रोजच्या पायवाटेला चित्राचा मान दिला. कोल्हापूरच्या पुढच्या दोन पिढ्यांनी निसर्गचित्र हाती घेतले ते आबालालांच्या डोळ्यांनी. अभिनेते म्हणून महाराष्ट्राला ठाऊक असलेले चंद्रकांत मांडरे यांनीही उतारवयात निसर्गचित्रे आणि पावडर शेडिंगमध्ये जीव रमवला. त्यांच्या नावाचे कलादालन आजही राजारामपुरीत आहे.

बाबूराव पेंटर १८९० च्या जूनमध्ये जन्मले. दोन महिन्यांनी, ९ ऑगस्टला, याच गावात केशवराव भोसले जन्मले. घरची परिस्थिती बेताची, त्यामुळे केशवराव लहानपणीच स्वदेशहितचिंतक नाटक मंडळीत गेले. पोटासाठी नाटकात गेलेल्या या मुलाने गोविंद बल्लाळ देवलांच्या ‘शारदा’ नाटकात शारदेचे काम केले आणि महाराष्ट्राला वेड लावले.

‘शारदा’ १८९९ साली रंगभूमीवर आले होते. पैशांच्या लोभाने बाप कोवळ्या मुलीचे लग्न म्हाताऱ्याशी ठरवतो, ही त्याची गोष्ट. जरठबालाविवाह हा तेव्हा घरोघरीचा विषय होता. व्याख्याने होत, निबंध लिहिले जात, पण ते वाचणारे मोजके. शारदेची पदे मात्र माजघरात शिरली. ज्या बाईने सुधारकाचा एकही लेख वाचला नव्हता, तिच्या तोंडी शारदेची तक्रार बसली. एका मुलीचे दुःख केशवरावांसारखा मुलगा लुगडे नेसून गात होता आणि ते ऐकून बायकांचे पदर डोळ्यांना लागत होते. आपल्या घरातल्या गोष्टीला कोणीतरी सूर दिला, तेव्हा ती गोष्ट उघड बोलता येऊ लागली.

केशवरावांनी १९०८ साली हुबळीत ललितकलादर्श मंडळी काढली. तिचे पडदे रंगवायला त्यांचे गाववाले पेंटर बंधू होतेच. ८ जुलै १९२१ रोजी टिळक स्वराज्य फंडासाठी मुंबईत ‘संयुक्त मानापमान’ झाले. धैर्यधर केशवराव, भामिनी बालगंधर्व. दोन प्रतिस्पर्धी मंडळींचे नायक एका मंचावर आले ते देशकार्यासाठी, आणि त्या रात्रीच्या आठवणी पुढे कित्येक वर्षे घरोघर सांगितल्या गेल्या. त्यानंतर तीनच महिन्यांत, ४ ऑक्टोबरला, केशवराव विषमज्वराने गेले. वय एकतीस. १९५७ साली पॅलेस थिएटरला त्यांचे नाव देण्यात आले.

दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ चा. तो पाहिल्यावर पेंटर बंधूंना स्वतःच्या पडद्यांतली उणीव दिसली. त्यांचे जंगल स्थिर होते आणि फाळक्यांच्या जंगलात पाने हलत होती. त्यांनी जुने प्रक्षेपणयंत्र मिळवले, लोकांना चित्रपट दाखवले, त्यातले तंत्र उलगडून पाहिले. मग ठरवले की कॅमेरा आपणच करायचा. परदेशी कॅमेरा परवडण्यासारखा नव्हता, पण धातू आणि लाकूड हातातले होते. काम अर्ध्यावर असताना १९१६ मध्ये आनंदराव वारले. बाबूरावांनी विष्णुपंत दामल्यांना जोडीला घेऊन लेथवर एकेक भाग कातला, बसवला, मोडला, पुन्हा केला आणि १९१८ च्या सुमारास कॅमेरा चालता झाला. ज्या हातांनी देव्हारे आणि मूर्ती घडवल्या होत्या, त्यांनीच तो घडवला.

महाराष्ट्र फिल्म कंपनी १९१७ साली निघाली. भांडवल दिले तानीबाई कागलकर यांनी. त्या गायिका होत्या. मैफलींतून मिळवलेला पैसा त्यांनी अशा धंद्यात घातला, ज्याचा ठावठिकाणा गावातल्या सावकारांनाही लागत नव्हता. मराठी चित्रपटाच्या इतिहासात पडद्यावरच्या माणसांची नावे मोठ्या अक्षरात येतात. तानीबाईंचे नाव त्यांच्या बरोबरीने यायला हवे.

कंपनीचा पहिला चित्रपट ‘सैरंध्री’ ७ फेब्रुवारी १९२० रोजी पुण्याच्या आर्यन चित्रपटगृहात लागला. विषय कीचकवधाचा. याच कथेवर कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांनी १९०७ साली लिहिलेल्या नाटकात लोकांना कीचकाच्या जागी लॉर्ड कर्झन दिसला होता आणि १९१० मध्ये सरकारने त्या नाटकावर बंदी घातली होती. मूकपटात संवाद नव्हता, पण मराठी प्रेक्षकाला तो ऐकू येत होता. भीम कीचकाला मारतो ते दृश्य इतके अंगावर येणारे होते की सेन्सॉरने ते कापायला लावले. चित्रपट पाहून लोकमान्य टिळकांनी बाबूरावांना ‘सिनेमा केसरी’ ही पदवी दिली.

‘सैरंध्री’ने आणखी दोन गोष्टी केल्या. पहिली स्त्रियांची. फाळक्यांची तारामती अण्णा साळुंके या पुरुषाने केली होती, कारण कॅमेऱ्यासमोर उभी राहायला बाई मिळत नव्हती. बाबूरावांच्या चित्रपटात गुलाबबाई आणि अनसूयाबाई या दोघी उभ्या राहिल्या. त्यांना कमलादेवी आणि सुशीलादेवी अशी पडद्यावरची नावे मिळाली. नाव बदलावे लागणे यातच त्या काळाचा धाक दिसतो आणि त्या धाकाला न जुमानता त्या उभ्या राहिल्या यात त्यांची हिंमत.

दुसरी गोष्ट पडद्याची. उभा जन्म पडदे रंगवलेल्या माणसाने आपल्या चित्रपटांतून रंगवलेला पडदाच काढून टाकला. बाबूरावांनी नटांच्या मागे भरीव नेपथ्य उभारले. खरे खांब, खऱ्या पायऱ्या, आत शिरता येतील असे दरवाजे. कॅमेऱ्याला खोटी खोली कळते, हे त्यांच्याइतके कोणाला कळणार? प्रत्येक प्रसंगाचे, पोशाखाचे, दागिन्याचे रेखाटन ते आधी कागदावर करत. १९२३ च्या ‘सिंहगड’साठी त्यांनी कृत्रिम प्रकाशात चित्रण केले. त्यात शिवाजी महाराजांची भूमिका त्यांनी स्वतः केली आणि शेलारमामा झाला व्ही. शांताराम नावाचा कोल्हापूरचा एक तरुण. चित्रपटांच्या जाहिरातींची भित्तिपत्रकेही बाबूरावच करत. १९२४ च्या ‘कल्याण खजिना’ला लंडनजवळच्या वेम्बली प्रदर्शनात पदक मिळाले. त्याचे रंगीत भित्तिपत्रक आज टिकून असलेल्या सर्वांत जुन्या भारतीय चित्रपट-भित्तिपत्रकांपैकी एक आहे.

पुराण आणि इतिहास लोकांना आवडत होते. १९२५ मध्ये मात्र बाबूरावांनी ‘सावकारी पाश’ काढला.

दख्खनच्या शेतकऱ्याचा सावकाराशी झगडा जुना होता. १८७५ साली पुणे जिल्ह्यातल्या सुप्यापासून दंगे पेटले, तेव्हा लोकांनी सावकारांच्या घरातले कर्जरोखे शोधून शोधून जाळले होते. महात्मा फुल्यांनी शेतकऱ्याची ही गत लिहून ठेवली होती आणि सत्यशोधकी जलशांनी ती गावच्या पारावर नेली. नारायण हरी आपट्यांच्या कथेवर बाबूरावांनी तीच गत पडद्यावर आणली. जमीन गमावून गिरणीत मजूर होणारा तरुण शेतकरी शांताराम यांनी रंगवला. अंधारातली एक झोपडी आणि तिच्यापुढे विव्हळणारे कुत्रे, हे दृश्य पाहिलेली माणसे म्हातारपणीही त्याबद्दल बोलत राहिली. देवांचे चमत्कार पाहायला सरावलेल्या प्रेक्षकाने या चित्रपटाला पौराणिक पटांइतकी गर्दी केली नाही. पण नांगरणाऱ्या माणसाचे तोंड एवढे मोठे करून दाखवण्यासारखे आहे, हे भारतीय चित्रपटाला इथे कळले. १९३६ मध्ये बाबूरावांनी हीच कथा बोलपटात पुन्हा सांगितली.

बाबूरावांच्या हाताखाली शिकलेले शांताराम, दामले, फत्तेलाल आणि धायबर १९२९ साली बाहेर पडले. सराफ सीतारामपंत कुलकर्णी पाचवे भागीदार झाले आणि १ जून १९२९ रोजी कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनीचा जन्म झाला. दामले आणि फत्तेलाल दोघेही पेंटर बंधूंच्या पडद्यांवर उमेदवारी केलेले. कागलचे शेख फत्तेलाल यांना सगळे ‘साहेबमामा’ म्हणत.

१९३२ च्या फेब्रुवारीत ‘अयोध्येचा राजा’ लागला आणि मराठी चित्रपटाला वाचा फुटली. तो कोल्हापुरात तयार झाला. हरिश्चंद्र झाले होते गोविंदराव टेंबे आणि चित्रपटाचे संगीतही त्यांचेच. टेंबे म्हणजे कोल्हापूरच्या कलांची जणू चालती वेस. भास्करबुवा बखल्यांचे शागीर्द, हार्मोनियमचे बादशहा, ‘मानापमान’च्या चाली देणारे, अल्लादियाखाँचे चरित्र लिहिणारे. मैफलीतली चीज नाटकात आणि नाटकातले पद बोलपटात कसे आले, हे त्यांच्या एका आयुष्यात वाचता येते. तारामती होत्या दुर्गा खोटे. शिकलेल्या, सुखवस्तू घरातल्या बाईने स्वतःच्या खऱ्या नावाने पडद्यावर यावे, याची तेव्हा केवढी चर्चा झाली! गुलाबबाईंना कमलादेवी व्हावे लागल्यापासून बारा वर्षेच झाली होती.

प्रभात १९३३ मध्ये पुण्याला गेली, पण तिच्या कामात कोल्हापूर राहिले. १९३७ चा ‘कुंकू’ घ्या. पुन्हा नारायण हरी आपट्यांची कथा, पुन्हा म्हातारा नवरा आणि तरुण मुलगी. ‘शारदा’ आणि ‘कुंकू’ यांच्यामध्ये अडतीस वर्षे आहेत. त्या अवधीत १९२९ चा बालविवाह प्रतिबंधक कायदा आला, मुली शाळेत जाऊ लागल्या. देवलांची शारदा गाण्यातून रडते आणि तिची सुटका दुसरे करतात. शांता आपट्यांनी साकारलेली नीरा हे लग्न मानायलाच नकार देते. पहिलीचे काम मुलगे करत होते, दुसरीचे एका तरुण स्त्रीने केले. ‘शारदा’ पाहिलेल्या आयांच्या लेकींनी ‘कुंकू’ पाहिला. आयांना गाण्याने बोलायचे धाडस दिले होते, लेकींना चित्रपटाने ‘नाही’ म्हणायचे.

हातातल्या मातीने राजकारणही केले. मुंबईचे गव्हर्नर लेस्ली विल्सन यांचा पुतळा कोल्हापुरात उभा होता. १९४२ च्या चळवळीत भागीरथीबाई तांबट आणि जयाबाई हाविरे या दोघींनी तो विद्रूप केला. पुढे तो हटला आणि १९४५ मध्ये चित्रपट दिग्दर्शक भालजी पेंढारकरांच्या पुढाकाराने त्या जागी शिवाजी महाराजांचा पुतळा बसला. तो घडवला बाबूराव पेंटरांनी. बावीस वर्षांपूर्वी ज्यांनी महाराजांची भूमिका केली होती, त्यांनीच आता महाराजांना आकार दिला. तो शिवाजी चौक आज कोल्हापूरच्या प्रत्येक मोर्चाच्या आणि विजयाच्या गुलालाच्या वाटेवर आहे. तिथून थोड्याच अंतरावर बिंदू चौक. भाई माधवराव बागल हे स्वतः चित्रकार. त्यांच्या पुढाकाराने ९ डिसेंबर १९५० रोजी महात्मा फुले आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे पुतळे तिथे बसले. बाबासाहेब तेव्हा हयात होते.

या सगळ्यातले उरले किती? गांधीहत्येनंतर उसळलेल्या जाळपोळीत १९४८ साली भालजींचा जयप्रभा स्टुडिओ भस्मसात झाला. भालजींनी तो पुन्हा उभा केला आणि तिथे ‘साधी माणसं’, ‘तांबडी माती’ हे चित्रपट घडले. महाराष्ट्र फिल्म कंपनीचे मूकपट मात्र जवळजवळ सगळे गेले. चालती चित्रे विरली आणि त्यांची जाहिरात करणारे कागदावरचे स्थिर चित्र राहिले.

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृहाला आग लागली. छत कोसळले, रंगमंच जळाला, खासबागेचा मंचही होरपळला. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. जयंतीसाठी जमायचे ठरवलेली माणसे त्या सकाळी ढिगाऱ्यापुढे उभी होती. नट होते, पेटीवाले होते, प्रकाशयोजना करणारे होते आणि आयुष्यात फक्त खुर्चीत बसून नाटक पाहिलेलेही होते. कित्येकांना रडू आवरले नाही. जसे होते तसेच बांधा, ही मागणी त्याच दिवशी सुरू झाली आणि पुढे पुनर्बांधणीचे काम हाती घेण्यात आले.

त्यानंतर महिन्याभराने गणपती आले. कोल्हापूरच्या पेठांतली तालीम मंडळे दरवर्षी सजीव देखावे करतात. दिवसा दुकानात किंवा कारखान्यात काम करणारी पोरे रात्री मावळे होतात, कोणी बाजीप्रभू, कोणी शेतकरी. संवाद ध्वनिफितीवर, हातवारे त्यांचे. समोर रस्त्यावर बायका-पोरे दाटीवाटीने उभी असतात, खांद्यावरची लहानगी मान उंचावून बघतात. आणि त्या पोरांच्या मागे गडाचा पडदा असतो. आता बहुधा छापलेला, एखाद्या मंडळाचा मात्र अजून हाताने रंगवलेला, तटाचे दगड दूर जाताना लहान लहान होत गेलेले.